नाटकात गोंधळ घातला आणि तिसऱ्या रांगेतल्या बाईंच्या अंगात आलं. आता काय ठेवू, काय काढू?

रंगपेटी

नमस्कार मंडळी. मी पुण्यात प्रायोगिक नाटकं बसवते. सध्याच्या नाटकात एका घराचा देवीचा गोंधळ, म्हणजे गोंधळी बोलावून रात्रभर घालायचा जागर, चौदा वर्षं राहून गेलेला आहे. लग्न झालं, मूल झालं, कुळाचार मात्र राहिला. घरात काहीही बिनसलं की सासू म्हणते, "गोंधळ राहिलाय ना, म्हणून." शेवटी फ्लॅटच्या हॉलमध्ये गोंधळ होतो. तो प्रवेश अकरा मिनिटांचा आहे.

आम्ही तो जमेल तितका खरा केला. चौरंगावर नवा खण, तांदळाचा चौक, कलश, नारळ, ज्वारीची पाच धाटं, पेटती दिवटी. बार्शीकडच्या एका घरी झालेल्या गोंधळाचं रेकॉर्डिंग मिळालं, त्यावरून आमच्या नटाने देवांना बोलावण्याचा भाग शब्दन् शब्द पाठ केला. संबळ प्रत्यक्ष वाजते. पुण्यात सहा प्रयोग झाले, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सातवा प्रयोग सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी होता. तुळजापूरच्या भवानीचं नाव आलं, संबळेची लय चढली आणि तिसऱ्या रांगेतल्या एक बाई उठून घुमायला लागल्या. अंबाडा सुटला. शेजारच्या बायकांनी त्यांना धरलं, कुणीतरी कुंकू आणलं. माझी नटी जागच्या जागी थिजली. आम्ही प्रकाश पाडला आणि नाटक तिथेच थांबवलं.

अर्ध्या तासाने बाई शांत झाल्या आणि स्वतः रंगमंचाच्या पायऱ्यांपाशी आल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या. एवढंच विचारलं, "ओटी कोणी भरली?"

कोणाकडेच उत्तर नव्हतं. परतीच्या गाडीत आमच्यातला एकजण म्हणाला, "म्हणजे प्रयोग जमला." त्या वाक्याने मला रात्रभर झोप लागली नाही. लोकांच्या श्रद्धेतलं आपण किती उचलावं? हा प्रवेश काढून टाकू का? ज्यांनी गोंधळ जवळून पाहिलाय त्यांनी सांगा, मी खरंच अडले आहे.

कुडाळचो_झील

ताई, मी तळकोकणातला. दशावतारात लहानपणापासून मागच्या बाजूला वावरलोय. आमच्याकडे खेळाआधी पेटाऱ्याची पूजा होते. त्यात गणपतीचा मुखवटा, सोंगांचं सामान. मग आड दशावतार, म्हणजे आख्यानाआधीचा भाग: गणपती येतो, रिद्धी-सिद्धी, मोरावर सरस्वती, संकासुर. त्यानंतर आख्यान, आणि पहाटे दहीकाला. अख्ख्या रात्रीला पूजेची अशी चौकट असते आणि आख्यानातली मारामारी, विनोद, आयत्या वेळी सुचलेली वाक्यं सगळी तिच्या आत चालतात. कुठे हात जोडायचे आणि कुठे मोकळं सुटायचं ते नटाला नेमकं माहीत असतं.

आता मुंबईत हॉलमध्ये अडीच तासांचा खेळ करायचा असतो. तिथे पेटाऱ्याची पूजा रंगपटात होते. पडदा बंद, फक्त कंपनीची माणसं. प्रेक्षकाला ती दिसत नाही, पण पूजा न करता आमचा माणूस तोंडाला रंग लावत नाही. तुमच्या पूजेची जागा मंचावर आहे की आत, एवढं आधी ठरवा असं मला वाटतं.

संबळवाला_धाराशिव

ताई, तुमचा प्रश्न मुलाने वाचून दाखवला, उत्तर मी सांगतोय आणि तो लिहितोय. आम्ही कदमराई शाखेचे गोंधळी. वडलांच्या मागं मी नवव्या वर्षी तुणतुणं धरलं, पुढं संबळ कमरेला बांधली. आता साठी आली. दोन नाटकांत आणि एका सिनेमात वाजवलंय, त्यामुळं दोन्हीकडचं थोडं कळतं.

पहिलं सांगतो, प्रवेश काढू नका. गोंधळात नाटक आहेच. रेणुकेचा लेक परशुराम, त्यानं बेटासुराला मारलं, त्याच्या डोक्याला त्याच्याच शिरा ओवून वाद्य केलं आणि ते वाजवत आईला वंदन केलं, अशी आमच्यातली कथा. रात्री पूजा झाली की नायक, म्हणजे आमच्यातला मुख्य गोंधळी, आख्यान लावतो. साथीदार मधेच खोडा घालतो, "म्हणजे काय झालं नायक?" मागचे झीलकरी झील धरतात, म्हणजे त्याची ओळ सुरात उचलतात. हरिश्चंद्र सांगताना नायकच राजा होतो, तारामतीही होतो, डोंब बी होतो. हसवतो बी, रडवतो बी. ते सगळं तुमचं माझं सगळ्यांचं आहे. उचला, बदला, नवं घाला. आमचा बाप निवडणुकीवर बोलायचा आख्यानात, कुणाला त्याचं वाईट वाटलं नाही.

पण तुम्ही उचललं ते आख्यान नव्हं. तुम्ही आवतन उचललं.

आवतन म्हणजे काय ते बघा. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, एकेकाचं गाव घेऊन, नाव घेऊन आम्ही म्हणतो, गोंधळाला या. शेवटी म्हणतो, जे राहिले-साहिले असतील त्यांनीबी या, म्हणजे कुणी रुसून बाहेर राहू नये. लग्नाची पत्रिका देतात तसंच हाय ते. पाहुण्याला घरी बोलावलं की पाय धुवायला पाणी द्यायचं, जेवायला वाढायचं, निघताना वेशीपर्यंत पोचवायचं. म्हणून पुढं ओटी भरायची, आरती करायची, शेवटी अक्षता टाकून घट, म्हणजे चौकातला कलश, हलवायचा. तवा ती रात्र संपती.

तुमच्या अकरा मिनिटांत बोलावणं झालं, आणि मग? तुमचा दिवा गेला, अंधार झाला, पडदा पडला. पाहुणा दारात उभा आणि घरातली माणसं झोपली. त्या माउलीनं विचारलं ते बरोबर विचारलं. तिनं तुम्हाला शिव्या दिल्या न्हाईत, चूक दाखवून दिली. माझ्या वडलांनी बी हेच विचारलं असतं.

पुण्यात कुणाच्या अंगात आलं न्हाई याचं कारणबी तेच. तिथं बसलेल्यांना वाटलं गाणं चालू हाय. हिकडं त्या बाईला वाटलं, हाक आली.

आता करायचं काय ते सांगतो. घट, खण, धाटं ठेवा, बघायला शोभतंय आणि घर खरं वाटतं. आवतनात खऱ्या देवांची, खऱ्या गावांची नावं घेऊ नका. तुमचा नट बोलवायला तोंड उघडतो, तेवढ्यात सासू बोलू दे, किंवा लाईट जाऊ दे, किंवा सून म्हणू दे "थांबा". बोलावणं तोंडातच राहिलं तर तुमच्या नाटकाची गोष्टच ती होईल. चौदा वर्षं राहिलेला गोंधळ आजबी राहिला. मी नाटकवाला न्हाई, मला असं सुचलं म्हणून सांगितलं.

नाहीतर दुसरा रस्ता, सगळं पुरं करा. ओटी भरा, आरती करा, घट हलवा, लागू द्या चाळीस मिनिटं. अर्धं मात्र करू नका.

संबळेचं. तुमच्या वाजवणाऱ्यानं लय एकदम वर नेली असणार. संबळेची जोडी असती, एक लहान, एक मोठं, आणि एका काठीचं टोक वाकडं असतं. मोठ्यावर ते टोक घासलं की आवाज पोटातून निघतो. तो आवाज आम्ही राखून ठेवतो. रात्रभरात तीन-चार वेळाच काढतो, समोर कोण बसलंय ते बघून. एखादी बाई हलायला लागली तर नायक मला डोळ्यानं सांगतो आणि मी लय उतरवतो. तिला खाली आणणं हे वाजवणाऱ्याचं काम हाय. तुमच्या नाटकातल्या वाजवणाऱ्याचे डोळे प्रेक्षकांकडं होते का? विचारा त्याला.

आणि दिवटी. अंधार करायच्या वेळी ती कशी विझवता?

रंगपेटी

काका, विंगेत पाण्याची बादली ठेवतो. त्यात बुडवतो.

आणि वाजवणाऱ्याला विचारलं. तो मंचाच्या मागच्या बाजूला, प्रेक्षकांकडे पाठ करून बसतो. मीच तसं बसवलं होतं, दिसायला छान वाटतं म्हणून.

संबळवाला_धाराशिव

मग त्याला फिरवून बसवा. आमच्यात दिवटी विझवली असं म्हणत बी न्हाईत, शांत केली म्हणतेत. आमच्या घरी दुधानं करतो. वाटीभर दूध लागतं, खर्च काय न्हाई. प्रेक्षकाला दिसत न्हाई, खरं हाय, पण तुमच्या पोरांना दिसतं. बादलीत बुडवणारा पोरगा दुसऱ्या दिवशी ती काठी कशी धरल आणि दूध घालणारा कशी धरल, बघा तुम्ही.

नेपथ्य_अनिकेत

काकांबद्दल पूर्ण आदर ठेवून मला थोडं वेगळं म्हणायचंय. "हे घ्या, ते घेऊ नका" अशी रेघ मारली तर कलावंताच्या हाती वरवरची सजावटच उरेल. संबळ, कवड्यांची माळ, झगा आणि एक ठेका. हे तर प्रत्येक स्नेहसंमेलनात दिसतं, आणि ते मला त्या बाईंच्या अंगात येण्यापेक्षा जास्त खटकतं. तिथे कुणालाच काही होत नाही.

लोकशाहीर विठ्ठल उमप यांचं 'जांभूळ आख्यान' घ्या. द्रौपदीच्या मनात कर्ण, ही लोकांच्या तोंडी असलेली कथा त्यांनी गोंधळाच्या अंगाने उभी केली आणि स्वतः द्रौपदी झाले. उमप आंबेडकरी चळवळीतले, बौद्ध. २०१० साली नागपूरला दीक्षाभूमीवर 'जय भीम' म्हणत त्यांनी देह ठेवला. देवीवर श्रद्धा असायलाच हवी अशी अट असती तर ते आख्यान झालंच नसतं. त्यांनी त्यातली बाई घेतली, तिची लपवलेली इच्छा घेतली, आणि गोंधळाचा सूर तिच्यासाठी वापरला. कलावंत श्रद्धेकडे असाही जाऊ शकतो.

ताई, तुमचा प्रवेश अस्वस्थ करतो म्हणून तो सौम्य करू नका.

संबळवाला_धाराशिव

अनिकेत, तुझं बरोबर हाय आणि माझ्या बोलण्याला ते सोडूनबी न्हाई. उमपांनी आख्यान घेतलं, मी पण तेच म्हणतोय. श्रद्धा पाहिजेच असं मी कुठं म्हणालो? आमच्या झीलकऱ्यांत एकजण देव मानत न्हाई. तीस वर्षं झाली माझ्याबरोबर आहे. पण घट हलवल्याबिगर तो उठत न्हाई. ज्याच्या घरी गोंधळ हाय तो मानतो, म्हणून.

स्नेहसंमेलनाचं बोललास ते माझ्या मनातलं बोललास.

आईची_लेक

मी इथे कधी लिहीत नाही, आज लिहिते. माझ्या आईला वारं येतं. तुम्ही सगळे त्या बाईंना काय झालं, का झालं बोलताय, म्हणून त्यांच्या बाजूचं थोडं सांगते.

आईला नंतर काही आठवत नाही. आठवते ती फक्त लाज. पदर कुठे होता, केस कोणी बांधले, लोकांनी काय पाहिलं. घरच्या गोंधळात तिला ती लाज वाटत नाही. तिथे आत्या असतात, मोठी काकू असते, त्या बरोबर उभ्या राहतात आणि पदर सावरतात. वर्षभर जी बाई घरात आवाज चढवत नाही, ती त्या रात्री सगळ्यांसमोर बोलते आणि आजोबांसकट सगळे ऐकतात. एकदा तिने तशा अवस्थेत विचारलं होतं, "माझ्या लेकीची शाळा का बंद केली?" पुढच्या सोमवारी मी शाळेत गेले. यातलं देवीचं किती आणि आईचं किती, मी आजही वेगळं काढू शकत नाही, आणि मला काढायचंही नाही.

त्या बाई अनोळखी लोकांत होत्या, तिकीट काढून आलेल्या. ताई, दोन गोष्टी विचारते. कुणी मोबाईलवर चित्रण केलंय का? आणि तुम्ही त्यांचं नाव विचारलंत का?

रंगपेटी

चित्रण झालं होतं. आमच्यातल्याच एकाने केलं होतं, जाहिरातीत वापरू म्हणून. तुमचं उत्तर वाचून सगळ्यांना एकत्र बसवलं, सगळ्यांच्या फोनमधून काढून टाकलं, माझ्यासमोर.

नाव विचारलं नव्हतं. काल तिथल्या आयोजकांना फोन केला. त्यांना बाई माहीत होत्या. मग बाईंशीच बोलले. मी माफी मागायला लागले तर म्हणाल्या, "पुढचं काय झालं नाटकात? सून राहते का घरात?" मला शेवट सांगावा लागला. तो त्यांना पटला नाही, सून अशी जाणार नाही म्हणाल्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, "तिच्याच नावाने तर गोंधळ घातला ना, मग ती कशी जाईल?" नऊ महिने तालीम केली, आमच्यातल्या कुणाच्याही हे लक्षात आलं नव्हतं.

तर प्रवेश ठेवतेय. नट बोलवायला उभा राहतो आणि सून त्याला थांबवते, इथपर्यंत काकांचं घेतलं. पुढचं अजून लिहून व्हायचंय. अनिकेत, सौम्य होणार नाही, काळजी करू नको. आमचा संबळ वाजवणारा आता प्रेक्षकांकडे तोंड करून बसतो, आणि पहिल्याच तालमीत म्हणाला, "मला हे आधी का नाही सांगितलंस?" रेकॉर्डिंग ज्या घरातलं होतं त्यांच्या गोंधळ्यांचा शोध घेतेय, मानधन आणि श्रेय दोन्ही द्यायचं राहिलंय.

काका, शुक्रवारी मी बाईंच्या गावी जातेय, ओटी भरायला. माझ्या घरी हे काही नव्हतं, त्यामुळे नीट माहीत नाही. काय काय घेऊ?

संबळवाला_धाराशिव

खण हिरवा घ्या. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी. नारळ घेताना शेंडी ठेवलेला घ्या, दुकानदार सोलून देतो, त्याला आधीच सांगा. ओटी भरताना त्यांना पाटावर बसवा, तोंड पूर्वेला. आणि शुक्रवारी तिकडं येताच आहात तर रात्री मुक्कामाला आमच्याकडं या. शनिवारी शेजारच्या गावात गोंधळ हाय, उजाडेपर्यंत चालंल. सतरंजीवर पुढं बसा, वही पिशवीतच ठेवा.