बेस गिटारच्या स्ट्रिंग: निकेल, स्टील की फ्लॅट? आणि जुना सेट उकळावा का?

खालचा_सूर (परभणी)

चार तारांचा (जाड ते बारीक ई, ए, डी, जी) जॅझ टाइप बेस गिटार आहे, स्केल, म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी, 34 इंची. त्यावर निकेलचा राउंडवाउंड सेट (गाभ्यावर गोल तारेचं वेटोळं गुंडाळलेला), गेज, म्हणजे जी ते ई ची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात, 45-65-85-105, आठ महिने झाले. सध्या तीन भानगडी आहेत. ई ची तार नुसती धप्प वाजायलीय, तिच्याच बाराव्या फ्रेटवर (दांड्यावरची धातूची आडवी पट्टी) सूर चढा लागायलाय, आणि जी च्या पाचव्या फ्रेटवरचा सूर दोन सेकंदांत मरायलाय. काम सगळं ऑर्केस्ट्राचं: उघडा मंडप, ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड. एप्रिलमध्ये भीमजयंतीचे कार्यक्रम, मग लग्नसराई, पुढं गणपती. एक जण म्हणतो स्टील टाक, दुसरा म्हणतो फ्लॅट टाक, तिसरा म्हणतो नवीन कशाला, हाच सेट पातेल्यात उकळून काढ. कोणाचं ऐकावं?

फ्रेटघाशा (छ. संभाजीनगर)

तिन्ही भानगडी एकाच कारणाच्या नाहीत, आधी त्या वेगळ्या करा.

जी च्या पाचव्या फ्रेटला बहुतेक तारेचा काही दोष नाही. लांब बोल्ट-ऑन नेकच्या (बोल्टनं बसवलेल्या दांड्याच्या) बेसवर जी च्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर बऱ्याचदा लवकर मरतो, कारण तारेची ताकद नेकचं लाकूडच शोषून घेतं. खात्री करायची तर जी अर्धा सूर उतरवा. आता सूर सहाव्या फ्रेटवर मरायला लागला, म्हणजे तोच सूर नेकच्या कंपनाशी जुळतोय. मग कितीही भारी सेट आणला तरी तो जाणार नाही. हेडस्टॉकला (नेकचं खुंट्यांकडचं टोक) छोटा क्लॅम्प लावून बघा, जागा सरकली तर निदान पक्कं. पण उतरवूनसुद्धा पाचव्यालाच मरत असेल, तर तो फ्रेट सैल आहे का ते तपासा.

ई चं दुखणं मात्र तारेचंच दिसतं. घाम, त्वचेचं तेल आणि धूळ वेटोळ्यांच्या फटीत बसते. तिथं तारेचं वजन वाढतं, आणि तेही सगळीकडं सारखं वाढत नाही. धप्प आवाज त्यामुळंच येतो. वजन असमान असलेल्या तारेचा बारावा फ्रेट सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेका) कितीही सरकवलं तरी जुळत नाही. म्हणून जुन्या तारेवर इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागावा म्हणून सॅडल जुळवणं) करत बसू नका, आधी सेट बदला. तार काढल्यावर खालच्या बाजूनं नख फिरवा, फ्रेटच्या जागी खाचा लागल्या की ती संपली समजा.

ढोलकीशेजारी (नांदेड)

धातूबद्दल. आपण ज्याला निकेल म्हणतो ते बहुतेक वेळा निकेलचा मुलामा दिलेलं स्टीलचं वेटोळं असतं, आत गाभा स्टीलचाच. मुलामा झिजला की खालचं स्टील गंजतं. तुम्हाला सुचवलेलं स्टील म्हणजे स्टेनलेस. ते गंजाला जास्त टिकतं आणि आवाज जास्त टणत्कारी, पण बोटाला खरखरीत लागतं, बोट सरकवताना चर्र आवाज येतो आणि फ्रेट लवकर खातं. ज्याच्या हाताला फार घाम येतो आणि ज्याची निकेलची तार महिन्याभरात काळी पडते, त्यानं स्टेनलेस घ्यावं. बाकीच्यांना त्याची गरज नाही.

फ्लॅटबद्दल थोडं सविस्तर, कारण सल्ला इथंच चुकतो. फ्लॅटवाउंडवर गोल तारेऐवजी चपटी पट्टी गुंडाळलेली असते. फटी जवळपास नसल्यानं मळ बसत नाही, वर्षानुवर्षं चालते. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन तर तुटल्याशिवाय तार बदलायचा नाही. स्टुडिओत किंवा शांत गाण्यात फ्लॅटसारखं काही नाही. पण तुमच्या मंडपात ढोलकीची धुमाची बाजू आणि ऑक्टोपॅडचा किक दोन्ही खालच्याच पट्टीत बसलेत. ई ची मोकळी तार 41 हर्ट्झला, ए ची 55 ला. तेवढा मूळ सूर सबवूफरमधून नुसता घुमतो. बेस कुठला सूर वाजवतोय हे कानाला कळतं ते वरच्या पट्टीतल्या स्वरांशांवरून (मूळ सुरासोबत उमटणारे बारीक सूर), आणि फ्लॅटमध्ये तेच कमी. परिणाम असा की बेसवाला आवाज वाढवतो, साउंडवाला कमी करतो, आणि शेवटी दोघांचं वाजतं. तुमच्या कामाला निकेल राउंडच बरं.

गेज 45-105 च ठेवा. 40-100 हाताला हलकं, पण जोरात वाजवणाऱ्याची ई फ्रेटवर फटाफट आपटते. चार तारांचा मिळून ताण ऐंशी किलोच्या आसपास असतो. गेज बदललं की तो बदलतो आणि नेक नव्यानं सेट करावा लागतो. कार्यक्रमाच्या तोंडावर ते काम अंगावर घेऊ नका.

खालचा_सूर (परभणी)

जी अर्धा सूर उतरवून बघितली, मरणारा सूर सहाव्यावर गेला. म्हणजे नेकच. ठीक आहे, निकेल 45-105 टाकतो. मागं ई नवीन टाकली तेव्हा पहिल्या दिवसापासूनच धप्प होती. बसवताना काही चुकतं का?

फ्रेटघाशा (छ. संभाजीनगर)

चुकतं, आणि बहुतेक कापतानाच चुकतं. तार सरळ असताना कात्री लावली तर बाहेरचं वेटोळं गाभ्यावरून सैल होऊन आतपर्यंत सरकत जातं. मग नवी कोरी तार मेलेली वाजते. आधी पक्कडीनं काटकोनात वाकवायची आणि वाकवलेल्या जागेच्या पुढं कापायचं. गाभा गोल असलेल्या तारांना हे जास्तच लागू.

लांबी अशी मोजा: तार ब्रिजमधून ओवून खुंटीपर्यंत ताणा, खुंटीच्या पुढं दहा-बारा सेंटिमीटर ठेवा, तिथं वाकवा. टोक खुंटीच्या मधल्या भोकात खाली टेकेपर्यंत खोचा, खाचेतून वाकवा आणि वेढे वरून खाली उतरत जाऊ द्या. दोन ते अडीच वेढे पुरतात. ए च्या तारेकडं लक्ष ठेवा. डी आणि जी ला हेडस्टॉकवर दाबपट्टी असते, ए ला सहसा नसते. तिचे वेढे वरच राहिले तर नटवर (खुंट्यांजवळची खाचांची पट्टी) दाब पडत नाही आणि मोकळी ए सतारीसारखी झणझणते. गुंडाळताना तार पिळली जाऊ देऊ नका. पीळ बसला तर टोक मोकळं सोडून उलगडू द्या, मग परत खोचा.

सुरात आल्यावर प्रत्येक तार सॅडलच्या पुढं आणि नटच्या पुढं अंगठ्यानं खाली दाबा. नवी तार तिथं कमानीसारखी वर उचललेली राहते. ती दाबून टेकवली नाही तर सूर गढूळ आणि इंटोनेशन खोटं. नंतर हलकं ताणून दोन-तीनदा पुन्हा सुरात आणा.

आता नेक. पहिल्या फ्रेटला कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटच्या फ्रेटवर बोट, आणि सातव्या-आठव्याच्या मध्ये ई च्या खाली फट बघा. 0.3 मिमी, म्हणजे जाडसर व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकची कमान जुळवणारी आतली धातूची कांडी) घड्याळाच्या दिशेनं, नसेलच तर उलट. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही, आणि किल्ली अडली तर जोर लावायचाच नाही. बाराव्या फ्रेटवर ई 2 ते 2.5 मिमी, जी थोडी कमी. इंटोनेशन सगळ्यात शेवटी: बाराव्याचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर बघा. दाबलेला चढा असेल तर सॅडल नेकपासून मागं, उतरता असेल तर पुढं.

कोरडा_फडका (लातूर)

उकळण्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. उकळल्यानं मळ निघतो, टणत्कार परत येतो, पण तो काही दिवसच टिकतो, कारण फ्रेटनं पडलेल्या खाचा उकळून भरत नाहीत. त्यात आपल्याकडं बोअरचं पाणी. पातेल्याला जो पांढरा थर बसतो तोच वेटोळ्यांत बसणार. अगदीच अडलं तर आरओचं पाणी घ्या, पाच-दहा मिनिटं पुरे, आणि लगेच उन्हात किंवा हेअर ड्रायरनं पूर्ण वाळवा, नाहीतर आतून गंज धरतो. खुंटीकडचा रेशमी धागा पाण्यानं विस्कटतो. पुन्हा बसवताना जुन्या वाकलेल्या जागीच तार मोडते. नायलॉनची पट्टी गुंडाळलेल्या टेपवाउंड तारा तर उकळूच नका.

त्यापेक्षा स्पिरिट बरं. झाकणाच्या बंद नळीत डिनेचर्ड स्पिरिट भरून तारा रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी पुसून वाळवा. पेटतं आहे ते, गॅसपासून लांब. गिटारवर असतानाच तार पुसायची तर फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, पण रोझवूडच्या फिंगरबोर्डवर सांडू नका, लाकूड कोरडं पडतं.

खरं तर वाजवून झाल्यावर सुती फडकं तारेखालून घालून चिमटीत धरून नटपासून ब्रिजपर्यंत दोनदा ओढलं, तर यातलं अर्धं कामच पडत नाही. वरून पुसून उपयोग नाही, मळ खाली जास्त असतो. वाजवण्याआधी हात धुवा, भजी खाऊन स्टेजवर चढू नका.

ढोलकीशेजारी (नांदेड)

भजीचा मुद्दा नोंदवला. उन्हाचं राहिलं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं, नेक सरळ किंवा उलट्या बाजूला जाते आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर बझ (तार फ्रेटला घासून झणझणणं) सुरू होतं. पावसाळ्यात उलट, कमान वाढते आणि तारा वर उचलतात. म्हणून वर्षात दोनदा, होळीनंतर आणि पोळ्याच्या सुमारास, ती 0.3 ची फट बघा. बझ आलं म्हणून थेट सॅडल उचलत बसू नका. तापलेली तार पसरते आणि उतरते, तेव्हा टेम्पोतून काढल्या-काढल्या सूर लावू नका. वीस मिनिटं मंडपात ठेवा, मग लावा.

सेट कार्यक्रमाच्या दिवशी टाकू नका, दोन दिवस आधी टाका. आणि काढलेल्या सेटमधली डी आणि जी ठीक असेल तर पुसून पाकिटात ठेवा. स्टेजवर तार तुटली तर नवीपेक्षा जुनी लवकर सुरात बसते.

खालचा_सूर (परभणी)

सेट मागवला. जुनी ए, डी, जी स्पिरिटमध्ये टाकतो, ई फेकतो. एकच शंका: नटच्या खाचा 105 ला पुरतील ना?

फ्रेटघाशा (छ. संभाजीनगर)

आधीचा सेट त्याच गेजचा होता ना? मग कानशीला हात लावू नका. सूर लावताना टक् असा आवाज येऊन सूर उडी मारत असेल, तरच खाचेत पेन्सिलचं शिसं घासा.