फिक्स म्हणजे नक्की काय? दुरुस्त, पक्कं की ठरलेलं?

इंग्रजीत पंखा फिक्स केला म्हणजे बिघडलेला पंखा चालू केला, आणि आपण मराठीत पंखा फिक्स केला म्हणतो तेव्हा तो छताला पक्का बसवला असं ऐकणाऱ्याला वाटतं. त्यात चूक काहीच नाही, उलट आपलाच अर्थ जुना आहे. मूळ लॅटिन क्रियापद फिगेरे, म्हणजे खुपसणे, ठोकून बसवणे, त्यावरून फिक्सस. क्रुसिफिक्स म्हणजे क्रुसाला खिळलेला, प्रीफिक्स म्हणजे शब्दाच्या सुरुवातीला जोडलेला. चौदाव्या शतकात इंग्रजीत आला तेव्हा नजर किंवा मन एका जागी लावणे असा वापर होता, आपण नजर खिळली म्हणतो ना अगदी तसंच.

नंतर तो किमयागारांच्या हाती लागला. उडून जाणारा किंवा वाहणारा पदार्थ स्थिर करायचा म्हणजे फिक्स करायचा, पारा फिक्स करायची त्यांना फार हौस. स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅकने १७५०च्या दशकात कार्बन डायऑक्साइडला फिक्स्ड एअर म्हटलं ते ह्याच हिशोबाने, चुनखडीसारख्या पदार्थात अडकून बसलेली हवा म्हणून. फोटो धुताना फिक्सर वापरायचे (हायपो म्हणायचे त्याला), तो काय करतो तर प्रकाश न लागलेले चांदीचे क्षार धुऊन काढतो, मग चित्र उजेडात नेलं तरी काळं पडत नाही. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने हा गुण १८१९ मध्ये शोधला आणि फोटोसाठी १८३९ मध्ये वापरला. डाळवर्गातल्या झाडांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू नायट्रोजन फिक्स करतात तेही हेच, हवेतला पकडून बांधून ठेवायचा.

दुरुस्तीचा अर्थ मात्र अमेरिकेतला. सैल झालेलं पक्कं करा, जागेवर लावा, नीट करा, झाली दुरुस्ती, असा तो सरकत गेला असणार. तिकडे हा शब्द इतका बोकाळला की १८४२ साली तिथे फिरून आलेल्या चार्ल्स डिकन्सने त्याची टिंगलच केली. नोकर सांगतो साहेब स्वतःला फिक्स करतायत, म्हणजे कपडे चढवतायत. बोटीवर नाश्त्याची चौकशी केली तर खाली टेबलं फिक्स करतायत, म्हणजे टेबलावर कापड पसरतायत. आणि बरं वाटत नसेल तर अमुक डॉक्टर तुम्हाला फिक्स करेल!

आज हेच वाक्य डॉक्टरऐवजी गुंडाच्या तोंडी टाका, आय विल फिक्स यू, की लगेच धमकी. आपल्याकडे मरम्मत शब्दाचं तेच झालंय, यंत्राची मरम्मत वेगळी आणि माणसाची वेगळी. आणि कुत्रा फिक्स केलाय म्हणजे नसबंदी केलीय, तिथे दुरुस्त लिहिलंत तर वाट लागली. मॅच फिक्सिंगमध्येही दुरुस्ती नाही, निकाल आधीच ठोकून पक्का केलेला, १९१९ च्या बेसबॉल वर्ल्ड सिरीजसारखा.

रिपेअर ह्यापेक्षा सरळ, लॅटिन परारे म्हणजे तयार करणे, रि लावला की पुन्हा तयार करणे. प्रिपेअर त्याचा सख्खा भाऊ. पण रिपेअर्ड टू हिज रूम असं जुन्या इंग्रजीत दिसलं तर खोलीची डागडुजी समजू नका, तो खोलीकडे गेला एवढंच. तो रिपेअर वेगळ्याच घराण्यातला, पात्रिया म्हणजे मायदेश, तिकडे परतणे ह्यातून आलेला, रिपॅट्रिएट त्याचा नातेवाईक.

वापरताना मला वाटतं एवढं बघावं: रिपेअर वस्तूचं होतं, प्रॉब्लेमचं नाही. प्रॉब्लेम फिक्स होतो. मेंड कपड्याला, मोडलेल्या हाडाला, बिघडलेल्या संबंधांना शोभतो, लॅपटॉप मेंड केला म्हटलं तर कानाला खटकतं. सॉफ्टवेअरवाले बग फिक्स झाला म्हणतात तेव्हा तो गेला असं समजायचं, कायमचा बसला असं नाही, जरी कधीकधी दुसरंच खरं निघत असलं तरी.