मदत हवी आहे : पिट्सबर्गच्या काउंटी न्यायालयाचा मूळ उंबरठा
अमेरिकेतील पिट्सबर्गचे ॲलेगेनी काउंटी न्यायालय, जे जुनी इमारत १८८२ मध्ये आगीत नष्ट झाल्यावर हेन्री हॉब्सन रिचर्डसन यांच्या आराखड्यानुसार १८८८ मध्ये उभे राहिले, त्याविषयी मी टिपण लिहीत आहे. रिचर्डसन १८८६ मध्येच निवर्तले, याची हळहळ वाटते. मुद्दाम खडबडीत ठेवलेल्या ग्रॅनाइटच्या अर्धवर्तुळाकार कमानी आणि तुरुंगाकडे नेणारा दगडी पूल पाहून मी थक्क झालो. पुढे इमारतीसमोरचा रस्ता, ग्रँट स्ट्रीट, खणून खाली उतरवल्यामुळे तळमजल्याखालचा भाग रस्त्याच्या पातळीला आला. मूळ उंबरठ्याची उंची दर्शनी भिंतीवर कोणत्या खुणेवरून ओळखावी आणि खोदकामापूर्वीची छायाचित्रे कोठे पाहता येतील, हे जाणकारांनी कृपया सांगावे.