वाई ते नरसोबाची वाडी, कृष्णेच्या काठाने सायकलवर : रस्ता कसा धरू?

पेडलवाली (पुणे)

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझी नववीतली लेक, दोघीच, वाईहून निघून कृष्णेच्या काठाकाठाने नरसोबाच्या वाडीपर्यंत सायकलने जायचं म्हणतोय. माझं आजोळ अंकलखोप. लहानपणी मे महिना औदुंबरच्या घाटावर काढलाय. आजी गेल्यापासून तिकडे जाणं म्हणजे गाडीने हायवे गाठायचा, लग्नात अक्षता टाकायच्या आणि संध्याकाळी परत. लेकीला ती नदी अजून नीट दिसलेलीच नाही.

मागच्या हिवाळ्यात दोघींनी भोरवरून मांढरदेवचा घाट चढून वाई केलंय, त्यामुळे दिवसाला ६०-६५ किलोमीटर जमेल. सायकली हायब्रिड, टायर ३५ मिलिमीटरचे, मागे कॅरिअरला दोन-दोन पिशव्या. हायवे शक्य तेवढा टाळायचाय. पण नकाशात काठाने जाणारा सलग रस्ता काही सापडत नाही. आहे का तसा? मुक्काम कुठे करावेत? आणि उसाच्या ट्रॉल्यांची मला खरंच धास्ती वाटते.

काठावरचा (पलूस तालुका)

ताई, आधी हे सांगतो, म्हणजे तिथे जाऊन हिरमोड होणार नाही. काठाने सलग रस्ता नाहीच. गावं काठावर आहेत, पण त्यांना जोडणारे रस्ते बहुतेक ठिकाणी नदीपासून आत. आणि मध्ये ऊस. दिवाळीला तो डोक्याच्या वर दोन हात असतो. नदी अर्ध्या किलोमीटरवर असते आणि तुम्हाला दिसते हिरवी भिंत. पहिल्या खेपेला मी तीन दिवस सायकल मारली आणि घरी येऊन मोजलं, तर नदी फक्त पुलांवरून दिसली होती. फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी गाव ते गाव जात नाही, घाट ते घाट जातो. संगम, घाट, बंधारा आला की मुख्य रस्ता सोडायचा, खाली उतरायचं, पाय बुडवायचे आणि मग पुढे. किलोमीटर वाढतात, पण नदी भेटते.

वाईतून निघायच्या आधी मेणवली करा, तीनच किलोमीटर आहे. नाना फडणविसांच्या वाड्यामागचा घाट आणि तिथली ती मोठी घंटा. वसईच्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून आलेली ती घंटा, तिच्यावर १७०७ साल आहे. लेकीला ते अंक स्वतः शोधू द्या. पुढे भुईंजपर्यंत आतले रस्ते मिळतात. तिथून हायवेची थोडी संगत करावीच लागते, मग लिंबफाट्यावरून आत. लिंबची बारा मोटेची विहीर बघितल्याशिवाय जाऊ नका. पहिला मुक्काम सातारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी संगम माहुली. कृष्णा-वेण्णेचा संगम, दोन्ही काठांवर देवळं, सातारच्या थोरल्या शाहू महाराजांची समाधी. तिथून पूल ओलांडून डाव्या काठाला लागा आणि अंगापूर, तारगाव, मसूर करत कराडला या. हायवे पलीकडच्या काठाला राहतो. समर्थांना रामाची मूर्ती अंगापूरच्या डोहात सापडली असं सांगतात. अकरा मारुतींपैकी उंब्रज, मसूर, शहापूर आणि बहे ही चार ठिकाणं या वाटेच्या जवळपास आहेत. मी मसूर आणि बहे कधी चुकवत नाही.

कराडचा प्रीतिसंगम मात्र घाईत बघू नका. उत्तरेकडून कृष्णा येते, दक्षिणेकडून कोयना येते, दोघी समोरासमोर भेटतात आणि काटकोनात वळून पूर्वेला जातात. संध्याकाळी साडेपाचला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी बसा. कोयनेचं पाणी वेगळं ओळखू येतं का ते बघत मी तिथे तास-तास काढलेत.

कराडच्या पुढे उजव्या काठाने रेठरे, नरसिंगपूर, बहे, बोरगाव, वाळवा, नागठाणे आणि तुमचं अंकलखोप. पूर्ण पट्टा उसाचा आणि रस्ता जवळजवळ सपाट. बह्याला नदीच्या पात्रातच रामलिंग बेट आहे. पाणी दोन्ही बाजूंनी खळाळत जातं, दुपारची विश्रांती तिथेच घ्या. तिसरा मुक्काम औदुंबर किंवा भिलवडी, चौथ्या दिवशी सांगलीवरून वाडी. चारही दिवस माझ्या मीटरवर ५५ ते ६५ च्या मधले भरतात. वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर आणि सांगली ५५० च्या आसपास. एकूण उतारच आहे, पण चार दिवसांत विभागल्यामुळे तो पायांना कळत नाही.

ट्रॉल्यांचं म्हणाल तर दिवाळीला हंगाम नुकताच सुरू होत असतो, त्यामुळे जानेवारीइतकी वर्दळ नसते. तरी अंधारात अजिबात चालवू नका. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे दिवा असेलच असं नाही, आणि ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. मागून ट्रॅक्टरवरच्या गाण्यांचा आवाज आला की सायकल रस्त्याखाली उतरवून थांबायचं आणि दुसरी ट्रॉली पूर्ण जाऊ द्यायची. पहिली गेली की लोक लगेच वर येतात, तिथेच घात होतो. रस्त्यावर चिरडलेलं पाचट पडलेलं असतं. दव पडल्यावर ते शेवाळासारखं निसरडं होतं. रेठऱ्याच्या अलीकडे एका वळणावर मी ब्रेक दाबला आणि पुढचं चाक सरळ निघून गेलं. कोपराची खूण अजून आहे. वळणाच्या आधी वेग कमी करा, पाचटावर ब्रेक नको.

ओगलेवाडी_१९ (कराड)

वरची वाट बरोबर आहे. दोन गोष्टी जोडतो.

पुणे-मिरज रेल्वे या सगळ्या टापूत तुमच्या डाव्या हाताला असते. रहिमतपूर, तारगाव, मसूर, कराड, शेणोली, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी, नांद्रे, सांगली. कुणाचा गुडघा धरला किंवा पाऊस लागला तर स्टेशन फार लांब नसतं. फक्त कराडचं स्टेशन गावात नाही, ओगलेवाडीला आहे, चार-पाच किलोमीटर धरा. परतीला सायकली ब्रेकव्हॅनने, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यातून, आणायच्या तर मिरजेहून बुक करा. पार्सल ऑफिसात लवकर जा, सायकलला रिकामी करायला पेट्रोलची टाकी नसते, ती तशीच चढते हे तिथे समजावून सांगावं लागतं.

दुसरं, ट्यूबचे व्हॉल्व्ह कुठले आहेत? बारीक तोंडाचे प्रेस्टा असतील तर खेड्यातल्या पंक्चरवाल्याकडे हवा भरता येत नाही. त्याचा पाइप मोटारसायकलच्या जाड व्हॉल्व्हचा. चाळीस-पन्नास रुपयांचं पितळी अडॅप्टर मिळतं, एक पिशवीत आणि एक व्हॉल्व्हवरच चढवून ठेवा. बाभळीच्या काट्यांसाठी दोन जादा ट्यूब प्रत्येकी.

पेडलवाली (पुणे)

दोघांचे मनापासून आभार. घाट ते घाट ही कल्पना लेकीला एवढी आवडली की तिने वहीत घाटांची यादीच करायला घेतलीय. व्हॉल्व्ह प्रेस्टाच आहेत, अडॅप्टर आजच मागवते.

काका, बंधाऱ्याचं तुम्ही ओझरतं म्हणालात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून सायकल घेऊन पलीकडे जाता येतं का? आणि सांगलीत न अडकता वाडी कशी गाठायची?

काठावरचा (पलूस तालुका)

जाता येतं, पण चालत. बंधारा म्हणजे दगडी खांबांची रांग आणि वर अरुंद वाट. पावसाळ्यानंतर खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात. बरगे बसलेले असले की एका बाजूला काठोकाठ शांत पाणी आणि दुसऱ्या बाजूला खाली फटींतून उडणारे फवारे. मधोमध उभं राहिलं की पायांखाली ती थरथर जाणवते. कृष्णा इतक्या जवळून मला दुसरीकडे कुठे भेटली नाही. सगळ्या बंधाऱ्यांना कठडे नाहीत. लेकीला पुढे ठेवा, सायकल पाण्याच्या बाजूला नको, आणि पाणी वाटेवरून वाहत असेल तर घोटाभर असलं तरी परत फिरा. आधी गावात विचारा. परतीचा पाऊस झालेला असेल तर बंधाऱ्याकडे उतरणाऱ्या गाडीवाटेवर सायकल घालू नका. आमची काळी माती मडगार्डमध्ये अशी भरते की चाक फिरत नाही. मी एकदा काडीने माती काढत दीड किलोमीटरला दोन तास घालवलेत.

भिलवडीत उतरलात की घरांच्या भिंतींवर पुराच्या खुणा बघा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ ची आहे. आमच्या घरात तेव्हा माळ्यावर भांडी होती आणि खाली पाणी. लेकीला ती खूण दाखवा आणि मग नदीचं आत्ताचं पात्र दाखवा.

हळदीची_पेठ (सांगली)

ताई, सांगलीत शिरूच नका, कडेने जा. भिलवडी, वसगडे, नांद्रे, कर्नाळ आणि मग हरिपूरचा रस्ता, दोन्ही बाजूंना जुनी झाडं आहेत. हरिपुरात संगमेश्वराचं देऊळ आणि समोर वारणा कृष्णेला मिळते. पूर्वी हळद साठवायची पेवं इथेच जमिनीत होती. आता हरिपूर-कोथळी पूल झालाय, तो ओलांडला की कोल्हापूर जिल्हा. कोथळी, उदगाव, शिरोळ, वाडी. अंकलीच्या पुलावरची कोल्हापूर रोडची गर्दी टळते.

आणि वाडीत थांबून परत फिरू नका. कुरुंदवाडवरून सैनिक टाकळी करत खिद्रापूर सतरा-अठरा किलोमीटर आहे. कोपेश्वराचा स्वर्गमंडप ४८ खांबांचा, मधोमध छत उघडं. सकाळी नऊच्या आत पोचलात तर उन्हाची गोल तिरीप खांबांवरून सरकताना दिसते. तिथे महादेवासमोर नंदी नाही, तो नदीपलीकडे कर्नाटकात यडूरला आहे.

पेडलवाली (पुणे)

परवा रात्री परत आलो. पाच दिवस लागले, कारण अंकलखोपला एक दिवस जास्त राहिलो. तीन पंक्चर, तिन्ही लेकीच्या मागच्या चाकाला, तिसरं तिने एकटीने काढलं.

काका, वाळव्याच्या पुढे एका बंधाऱ्यावर गेलो होतो. गावातल्या एका आजोबांनी आधी स्वतः चालून दाखवलं, मग आम्हाला बोलावलं. लेक मधोमध थांबली, सायकल माझ्याकडे दिली आणि खाली बसून दगडावर तळहात टेकवला. बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "आई, हलतंय गं."

औदुंबरला पहाटे धुकं होतं. पलीकडचं भुवनेश्वरीचं देऊळ दिसत नव्हतं, फक्त नावाड्याच्या वल्ह्याचा आवाज येत होता. आजी कुठल्या पायरीवर धुणं घेऊन बसायची ते मला नक्की आठवेना. मामी आली आणि तिने दाखवली. वरून सातवी. लेकीने ती वहीत लिहून घेतलीय.

खिद्रापूर राहिलं. त्यासाठी जानेवारीत येतोय, तेव्हा ट्रॉल्यांबद्दल परत विचारेन.

काठावरचा (पलूस तालुका)

या. जानेवारीत निघताना आधी इथे लिहा, कुठल्या रस्त्याला तोडणी चालू आहे ते विचारून सांगतो. आमच्याकडे हुरडाही असेल तेव्हा.