लायब्ररी कोहावर गेली, मी अजून रजिस्टरमध्येच आहे. कसं शिकायचं?

जुनं_रजिस्टर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतेय इथे, आज पहिल्यांदा लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी ग्रंथपाल आहे, २४ वर्षं झाली, एकच टेबल एकच खुर्ची. पुस्तकं साधारण ११ हजार. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आता वरून निर्णय झाला की सगळं ऑनलाइन, म्हणून कोहा, म्हणजे लायब्ररी चालवायचं सॉफ्टवेअर, बसवलं. बसवायला आलेला मुलगा दीड दिवस होता, फार हुशार, पण माउस पूर्ण वेळ त्याच्याच हातात, "हे बघा मॅडम, असं, मग असं, झालं" आणि मी मान डोलवतेय. तो गेल्यावर स्क्रीन उघडली तर कुठून सुरू करायचं तेच कळेना.

परवाचा प्रसंग सांगते. संध्याकाळची वेळ, काउंटरवर पाच-सहा जण. पहिल्याचं कार्ड स्कॅन केलं, टुंक आवाज आला, लाल दिवा लागला, आणि त्या रकान्यात कसलीतरी मराठी अक्षरं, अर्थ नाही काही नाही. खाली मेसेज, असा वाचक नाही. परत केलं, परत तेच. म्हटलं स्कॅनर बिघडला. रांगेतले एक आजोबा म्हणाले जाऊ द्या हो, लिहून घ्या नेहमीसारखं. लिहून घेतलं. नंतर आमच्याकडचा मदतनीस मुलगा आला, त्याने कीबोर्डवर काहीतरी दोन बटणं दाबली आणि स्कॅनर सुरळीत. काय केलंस विचारलं तर म्हणे काही नाही मॅडम. काही नाही कसं?

तर प्रश्न असा की या वयात (५३) हे नीट शिकायचं कसं? मला कॉम्प्युटर येत नाही असं नाहीये, ईमेल येतो, टायपिंग येतं, एक्सेलमध्ये यादी येते. पण इथे सतत धास्ती की आपण काहीतरी दाबू आणि ११ हजार पुस्तकं गायब. आणि आपलीच कामं त्या कालच्या पोराला विचारायची याची लाज वाटते ती वेगळीच. सगळं एकदम नको, आधी काय शिकू तेवढं सांगा.

---

कपाट_नंबर_७

ताई, आधी स्कॅनरचं सांगतो कारण तुमच्या मुलाने काय केलं ते मला माहितीये 😀 स्कॅनर म्हणजे काही जादू नाही, कॉम्प्युटरच्या दृष्टीने तो एक कीबोर्डच आहे. बारकोडमधली अक्षरं भराभर टाइप करतो आणि शेवटी एंटर दाबतो, बस. तुम्ही त्याआधी पुस्तकाचं नाव मराठीत टाइप केलं असणार आणि कीबोर्ड मराठीवरच राहिला, मग स्कॅनरने पाठवलेलं इंग्रजी अक्षर मराठी होऊन उमटणार. त्याने भाषा बदलली, दुसरं काही नाही. पुढच्या वेळी शंका आली की नोटपॅड उघडा, त्यात कार्ड स्कॅन करा. नंबर बरोबर उमटला तर स्कॅनर ठीक आहे, गडबड दुसरीकडे.

आता धास्तीचं. ती घालवायला माझा एकच उपाय, एक खोटा वाचक आणि एक खोटं पुस्तक तयार करा. वाचकाचं नाव "चाचणी वाचक", पुस्तकाचं नाव "चाचणी पुस्तक", बारकोड असा ठेवा की खऱ्याशी कधी गाठ पडणार नाही. रोज सकाळी दार उघडायच्या आधी पंधरा मिनिटं त्या खोट्या माणसाला ते खोटं पुस्तक द्या, परत घ्या, मुदत वाढवा, उशीर करवा, दंड लावा, दंड माफ करा, पुस्तक हरवलं म्हणा, सापडलं म्हणा. मी दोन आठवडे हेच करत होतो. आमच्या त्या चाचणी वाचकाइतका बेशिस्त सभासद आजवर झाला नाही, पण काउंटरवर जे जे होऊ शकतं ते सगळं त्याच्यासोबत होऊन गेलं.

आणि हो, तुमच्या लॉगिनला काय परवानग्या आहेत ते विचारून घ्या. बसवणारे लोक बरेचदा सरसकट "सुपरलायब्रेरियन" देऊन जातात, म्हणजे सगळं करता येतं, डिलीटसकट. रोजच्या देवघेवीसाठी वेगळं, कमी अधिकारांचं लॉगिन बनवून घ्या. मग चुकून पुस्तकं उडवायचं बटण समोरच येणार नाही. निम्मी भीती तिथेच जाते.

---

दाखलखंड

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

सगळे म्हणतात शिका शिका, पण दीड दिवसात २४ वर्षांचं काम उलटंपालटं करून जायचं आणि मग माणसाला वाटायला लावायचं की तुम्हालाच जमत नाही, ही कुठली पद्धत. माउस शिकणाऱ्याच्या हातात नसेल तर ते शिकवणं नव्हे, तो नुसता डेमो झाला. त्यांना परत बोलवा, आणि यावेळी माउस तुमच्या हातात, ते मागे उभे. आणि प्रत्येक गोष्ट झाली की आपल्या भाषेत वहीत लिहा. त्यांचं छापील मॅन्युअल नको, स्वतःची वही. "पुस्तक परत घेताना आधी हा टॅब, मग स्कॅन, मग हिरवी ओळ आली का बघ" असं.

दाखल रजिस्टर, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक नंबर देऊन नोंदवायची वही, मात्र बंद करू नका. बारकोड म्हणून दाखल नंबरच वापरा, नवा नंबर काढू नका. उद्या सिस्टीम बंद पडली तर कपाटातलं पुस्तक आणि रजिस्टरातली ओळ एकाच नंबराने जुळली पाहिजे.

---

बिट_बाइट_बखर

दाखलखंड यांच्या शेवटच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन, पण देवघेव दोन्हीकडे करत बसू नका ताई. दाखल रजिस्टर चालू ठेवणं वेगळं आणि रोजची प्रत्येक नोंद वहीतही आणि कोहातही करणं वेगळं. आमच्याकडे ते केलं होतं, तीन आठवड्यांत दोन्ही ठिकाणच्या नोंदी जुळेनात आणि खरं कोणतं यावर भांडणं. एक तारीख ठरवा. त्या तारखेपासून देवघेव फक्त कोहात. जुनी बाहेर गेलेली पुस्तकं परत येतील तशी वहीतून कापत जा. ज्या पुस्तकाची नोंद अजून चढली नाही तेच कोणी काउंटरवर घेऊन आलं तर "फास्ट कॅटलॉगिंग" म्हणून सोय आहे, नाव आणि बारकोड एवढं टाकून पुस्तक देता येतं, बाकीची माहिती नंतर भरा. रांग थांबत नाही.

आता ११ हजार नोंदी चढवायचं. तुमची एक्सेल यादी आहे म्हणालात, ती सोन्यासारखी आहे, फक्त दोन ठिकाणी घात होतो, दोन्ही मी स्वतः करून बसलोय.

पहिला, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला त्याचा ओळख नंबर. १३ आकडी नंबर एक्सेलमध्ये टाकला की तो त्याला संख्या समजतो आणि ९.७८ई+१२ असं काहीतरी दाखवतो. तसंच सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी फाइल) म्हणून सेव्ह केलं की फाइलमध्ये तेच जातं, मूळ आकडे गेले. मी ४०० पुस्तकांचे आयएसबीएन असे घालवले आणि कपाटापाशी स्टूल टाकून परत लिहिले. चूक माझीच, कॉलम आधीच "टेक्स्ट" करायला हवा होता. दाखल नंबराच्या सुरुवातीला शून्य असेल तर तेही असंच गळून पडतं.

दुसरा, मराठी. साध्या सीएसव्हीत सेव्ह केलं तर सगळी नावं प्रश्नचिन्हं होऊन बसतात. सेव्ह करताना यादीत "सीएसव्ही यूटीएफ-८" असा वेगळा पर्याय असतो, तोच घ्या. आणि जुनी यादी जर युनिकोडच्या (सगळ्या कॉम्प्युटरवर सारखी चालणारी अक्षरपद्धत) आधीच्या एखाद्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर आधी ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागेल, नाहीतर चढेल पण वाचता येणार नाही.

पुस्तकावर आयएसबीएन असेल तर झेड ३९.५० वापरून बघा, कोहात बटण आहे. त्यातून दुसऱ्या मोठ्या लायब्ररीच्या कॅटलॉगमधून तयार नोंद उचलता येते, लायब्ररी ऑफ काँग्रेसचीसुद्धा. इंग्रजी पुस्तकांना फार उपयोग. मराठी पुस्तकांच्या तिकडच्या नोंदी बरेचदा रोमन लिपीत असतात, अक्षरांवर रेघा आणि खाली टिंबं, त्या तशाच घेतल्या तर मराठीत शोधणाऱ्याला पुस्तक मिळणार नाही, नाव-लेखक स्वतः देवनागरीत टाका. आणि १९७० च्या आधीच्या पुस्तकांवर आयएसबीएन शोधत बसू नका, तेव्हा ही पद्धत नुकती कुठे सुरू होत होती.

मार्क म्हणजे पुस्तकाची नोंद लिहायचा ठरलेला साचा, त्याचे आकडे बघून घाबरू नका. रोज लागणारे मोजकेच आहेत. ०२० आयएसबीएन, ०८२ ड्युईचा (विषयवार) वर्गांक, १०० लेखक, २४५ नाव, ३०० पानं, आणि ९५२ म्हणजे तुमची प्रत्यक्ष प्रत, बारकोड तिथे. तुम्ही कॅटलॉग कार्डं लिहिलीत ना? मग हे तेच कार्ड आहे, फक्त ओळींना नंबर दिलेत.

गायब होण्याचं म्हणाल तर, इम्पोर्ट दोन टप्प्यांत होतं. आधी फाइल "स्टेज" होते, म्हणजे बाहेरच्या खोलीत बसते, तोवर कॅटलॉगला धक्का लागत नाही. मग तुम्ही इम्पोर्ट म्हटलं की आत. आणि आत गेल्यावर चूक दिसली तर अख्खी बॅच मागे घ्यायचं बटणही तिथेच आहे. अट एवढीच की त्यातली पुस्तकं तोवर कोणाला देऊन टाकू नका. पहिल्यांदा ५० पुस्तकंच चढवा.

---

कपाट_नंबर_७

ताई अजून एक, कोहा कोणा मोठ्या कंपनीच्या डोक्यातून आलेलं नाही. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या लायब्ररी ट्रस्टला जुनं सॉफ्टवेअर २००० सालात चालणार नाही अशी अडचण आली, म्हणून १९९९ मध्ये त्यांनी स्वतःसाठी बनवून घेतलं, जानेवारी २००० ला चालू केलं आणि मग सगळ्यांना फुकट देऊन टाकलं. कोहा हा माओरी शब्द, अर्थ भेट. म्हणजे तिथेही पहिल्या दिवशी काउंटरवर तुमच्यासारखंच कोणीतरी घाबरून बसलेलं असणार.

---

जुनं_रजिस्टर

सगळ्यांचे आभार, नऊ दिवसांनी लिहितेय कारण सांगण्यासारखं काही हातात येऊ दे म्हटलं.

चाचणी वाचक तयार केला. त्याच्यावर सध्या तीन दंड आहेत. लॉगिन वेगळं करून घेतलं. बसवणाऱ्यांना फोन केला, ते आले आणि यावेळी मी आधीच खुर्चीत बसून घेतलं, उठलेच नाही. वही केली.

मग ५० पुस्तकांची फाइल. कॉलम टेक्स्ट केला, यूटीएफ-८ घेतलं, त्या मुलाने मार्कमध्ये बदलून दिली (ते अजून मला येत नाही), स्टेज मी केली, इम्पोर्ट मी केलं. ४९ प्रती आल्या, एक आली नाही. म्हटलं झालं, काहीतरी मोडलं. मेसेज नीट वाचला तर म्हणे हा बारकोड आधीच आहे. असं कसं? रजिस्टर काढलं, पान उलटलं, आणि काय बघते, एकच दाखल नंबर दोन पुस्तकांना दिलेला, पानाच्या शेवटच्या ओळीला एकदा आणि पुढच्या पानाच्या पहिल्या ओळीला परत. अक्षर माझंच. सन २००५. इतक्या वर्षांत दोनदा तरी सगळी पुस्तकं मोजली असतील, नंबरावर टिक केली आणि पुढे गेले, दिसलंच नाही कोणाला. दुसऱ्या पुस्तकाला नवीन नंबर दिला, रजिस्टरात लाल शाईने शेरा मारला.

आता एक नवीन अडचण. एका पुस्तकाच्या नावात "ॲ" आहे. मीच चढवलं, कपाटात आहे, पण काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर शोधलं तर शून्य. माझ्या टेबलावर शोधलं की मिळतं. हे काय गौडबंगाल?

---

बिट_बाइट_बखर

गौडबंगाल नाही, दोन ॲ आहेत 😀 एक "ॲ" हे सलग एकच अक्षर, दुसरं म्हणजे "अ" आणि त्यावर चंद्र वेगळा टाकलेला, "अॅ". डोळ्याला सारखं, कॉम्प्युटरला वेगळं. दोन कॉम्प्युटरवर वेगवेगळे मराठी कीबोर्ड असणार. तीच गत दऱ्या, सुऱ्या, कादंबऱ्या यातल्या अर्ध्या र ची, तोही दोन प्रकारे टाइप होतो. दोन्ही मशीनवर एकच कीबोर्ड ठेवा, आणि वाचक त्यांच्या फोनवरून कसंही टाइप करणार म्हणून अशा पुस्तकांना २४६ मध्ये, म्हणजे पर्यायी नावात, दुसरं रूपही टाकून ठेवा. आणि बसवणाऱ्यांना विचारा इंडेक्सिंग (शोधासाठी बनणारी सूची) आयसीयूवर, म्हणजे वेगवेगळ्या लिप्या नीट हाताळणाऱ्या सोयीवर, आहे का, देवनागरीसाठी ते लागतं. त्याने या दोन ॲ चा घोळ मिटणार नाही पण बाकीचा मराठी शोध सुधारतो.

---

दाखलखंड

२००५ चा तो नंबर सापडला हे वाचून हसू आलं. आमच्याकडे असे ११ निघाले. मी कोणाला सांगितलं नव्हतं.

---

जुनं_रजिस्टर

अकरा! मग माझं बरंय.

कीबोर्ड दोन्हीकडे एकच केला, पुस्तक सापडलं. स्कॅनरशेजारी चिठ्ठी चिकटवलीये, "आधी भाषा बघ". काल त्याच आजोबांचं कार्ड पहिल्या फटक्यात लागलं, ते म्हणाले अरे वा, आणि वर विचारलं की मला घरून बघता येईल का कुठलं पुस्तक आलंय ते. येईल म्हटलं. आता ते कसं दाखवायचं ते आज संध्याकाळी चाचणी वाचकाच्या नावाने लॉगिन करून बघते.