नाशिकमध्ये कथा लिहिणाऱ्यांचा गट आहे का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी कथा लिहिते, राहायला इंदिरानगरला. एकमेकांचं कच्चं लिखाण वाचून त्यावर मोकळेपणानं बोलणारा एखादा छोटा गट शोधतेय. १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय, कुसुमाग्रज स्मारक, तिथले कार्यक्रम माहीत आहेत. पण व्याख्यान ऐकणं वेगळं आणि अर्धवट कथा घेऊन चारचौघांत बसणं वेगळं. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं 'छान, लिहीत राहा' येतं (आणि सकाळी फुलं!). शेवट फसला असेल तर स्पष्ट सांगणारं कुणी हवं, फक्त नवख्याचा पाणउतारा न करता. रविवारी सकाळी जमेल. कविता लिहिणारेही चालतील. असा गट नसेलच, तर सुरू करायला कोण तयार आहे? आणि बसायला फुकट जागा कुठे मिळेल?