मदत हवी आहे: स्मार्ट सिटी कंपनी, महापालिका आणि पुणे-सुरत तुलना (पीएचडीसाठी)

नमस्कार मंडळी,

मी लोकप्रशासनात पीएचडी करते आहे. स्मार्ट सिटी कंपनी आल्यावर नगरसेवकांच्या हातून नेमकं काय गेलं, आणि मार्च 2025 मध्ये केंद्र सरकारचं स्मार्ट सिटी मिशन संपल्यावर त्यातली कामं टिकवायची कोणी, हा विषय आहे. जाणकारांचा सल्ला हवाय.

2015 च्या या मिशनमध्ये प्रत्येक शहराला कंपनी कायद्याखाली वेगळी कंपनी काढावी लागली. भागभांडवल राज्य आणि महापालिकेचं निम्मं-निम्मं. प्रकल्पांपुरते महापालिकेचे अधिकार कंपनीकडे सोपवावेत, असं मार्गदर्शक सूचनांमध्येच म्हटलंय. अधिकारांवर गदा येते म्हणून नवी मुंबईच्या सर्वसाधारण सभेनं तेव्हाच अशा कंपनीचा प्रस्ताव फेटाळला. पुणे मात्र निवडलेल्या शहरांच्या जानेवारी 2016 च्या पहिल्या यादीत दुसरं आलं.

माझं घोडं अडलंय ते पुढे. मार्च 2022 मध्ये पुण्यातल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणूक थेट जानेवारी 2026 मध्ये झाली. मधल्या काळात आयुक्तच प्रशासक, आणि कंपनीच्या संचालक मंडळावरही तेच. मग लोकप्रतिनिधींचा शब्द कंपनीमुळे गेला की निवडणुकाच न झाल्यामुळे, हे वेगळं काढायचं कसं?

त्यासाठी सुरत घ्यावं असं वाटतंय. पहिल्या यादीत तेही चौथं होतं, तिथे फेब्रुवारी 2021 मध्ये निवडणूक झाली, आणि दोन्हीकडचा महापालिका कायदा मुळात 1949 चा मुंबई प्रांतिक कायदाच. ही तुलना पीएचडीच्या समितीपुढे टिकेल का? की राज्य सरकारांच्या पकडीतला फरकच सगळं झाकून टाकेल? सुरतच्या लिंबायत-उधना भागातलं कोणी इथे असेल तर तिथल्या नगरसेवकांपर्यंत पोचायचा मार्ग सांगा, प्लीज.

देखभालीचा प्रश्न मला सगळ्यात जवळचा. मी राहते त्या शहरात (नाव मुद्दाम देत नाही) एका चौकात हवेची प्रदूषण पातळी दाखवणारा फलक आहे. पडदा काळा, खालच्या पेटीचं झाकण तारेनं बांधलेलं. क्षेत्रीय कार्यालयात विचारलं तर म्हणाले, "ते स्मार्ट सिटीचं, आमच्याकडे नाही." कंपनीत विचारलं तर म्हणे हस्तांतर झालंय. हस्तांतराचा कागद दोघांकडेही मिळाला नाही. शाश्वत शहर म्हणताना पाच वर्षांनी दुरुस्तीचं बिल कोणत्या लेखाशीर्षातून (अंदाजपत्रकातल्या कोणत्या खात्यातून) निघणार, हे आधी ठरायला हवं असं माझं ठाम मत आहे.

शेवटचं, आणि तातडीचं: संचालक मंडळाच्या बैठकांची इतिवृत्तं माहिती अधिकारात मागितली, तर व्यावसायिक गोपनीयतेचं कारण देऊन नकार आला. प्रथम अपील करतेय. अशा कंपनीविरुद्ध अपील जिंकलेलं कोणी आहे का? अर्जात ठराव क्रमांक आणि तारखा नेमक्या मागाव्यात की सरसकट इतिवृत्तं? व्यनि केलात तरी चालेल.